वाकड्या पायाला सरळ आधार

शेतात नवे रोप लावले आणि ते वाऱ्याने एका अंगाला कलू लागले, तर शेतकरी काय करतो? रोपाशेजारी बांबूची काठी रोवतो आणि सुतळीने रोप तिला बांधतो. सुतळी फार आवळली तर साल कापते. फार सैल ठेवली तर काठी असून नसल्यासारखीच. ही साधी गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पण याच गोष्टीवर वैद्यकशास्त्राची एक संपूर्ण शाखा उभी आहे, हे मला महाविद्यालयात येईपर्यंत ठाऊक नव्हते. फ्रान्समधील निकोलस आंद्री नावाच्या वैद्याने १७४१ साली मुलांच्या शारीरिक व्यंगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने वाकडे झाड सरळ खांबाला दोरीने बांधल्याचे एक चित्र छापले. जगभरच्या अस्थिव्यंगोपचार तज्ज्ञांनी पुढे तेच चित्र आपले बोधचिन्ह मानले.

शरीराच्या दुबळ्या किंवा वाकड्या भागाला बाहेरून जो आधार दिला जातो, त्या साधनाला 'ऑर्थोसिस' म्हणतात. 'ऑर्थोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ सरळ. आपल्याकडे हा शब्द कोणी वापरत नाही. आपण पट्टा म्हणतो, बूट म्हणतो, कॅलिपर म्हणतो, मानेचा असेल तर कॉलर म्हणतो. नाव काहीही असो, काम एकच, जे शरीराला एकट्याने जमत नाही ते त्याच्या सोबतीने करणे.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने या विषयावर का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण घरातले आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे रेशनकार्डापासून वीजबिलापर्यंत घरात येणारा प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या आत्याच्या हातात दवाखान्यातली एक चिठ्ठी पडली. "वाच गं पोरी, काय लिहिलंय ते. तू कॉलेजात जातीस ना?" असे म्हणून तिने ती माझ्यापुढे धरली. चिठ्ठीवर डाव्या पायासाठी 'के. ए. एफ. ओ.' एवढीच अक्षरे होती. ती चार अक्षरे समजून घेता घेता जे कळले, ते या लेखात मांडत आहे.

कृत्रिम अवयव वेगळा, आधार-साधन वेगळे

आधी एक गैरसमज दूर करू. 'जयपूर फूट' बहुतेकांना माहीत असतो. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास तो तयार केला. पाय कापावा लागला असेल, तर त्याच्या जागी बसवायचा तो पाय. अशा साधनाला 'प्रोस्थेसिस' म्हणजे कृत्रिम अवयव म्हणतात. ऑर्थोसिसचे तसे नाही. इथे अवयव जागेवरच असतो, पण त्यात बळ नसते, किंवा तो वाकलेला असतो, किंवा त्याला बधिरपणा आलेला असतो. कृत्रिम अवयव गेलेल्याची जागा घेतो. ऑर्थोसिस असलेल्याला हात देतो.

ऑर्थोसिसची नावे मोठी चमत्कारिक वाटतात, पण त्यांत एक सोपी युक्ती आहे. साधन ज्या ज्या सांध्यावरून जाते, त्या सांध्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे घ्यायची आणि शेवटी ऑर्थोसिसचा 'ओ' लावायचा. घोटा आणि पाऊल यांना धरणारे ते 'ए. एफ. ओ.' गुडघाही धरला की 'के. ए. एफ. ओ.' कंबरेपर्यंत गेले की पुढे 'एच' येतो. छातीपासून कंबरेपर्यंत पाठीला धरणाऱ्या साधनाला 'टी. एल. एस. ओ.' म्हणतात. म्हणजे आत्याच्या चिठ्ठीतली चार अक्षरे गुडघा, घोटा आणि पाऊल यांचीच होती. हे कळल्यावर आत्या हसून म्हणाली, "म्हंजी कॅलिपरच की! मग सरळ कॅलिपर लिहायला काय झालं होतं?"

जुनी विद्या

ही विद्या आजची नव्हे. इजिप्तमध्ये सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत मोडलेल्या हाडाला लाकडी पट्ट्या बांधलेले सांगाडे सापडले. एलियट स्मिथ या संशोधकाने १९०८ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाच्या उपचारात 'कुश' म्हणजे बांधायच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. त्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू वापरावा, असे म्हटले आहे. म्हणजे गावोगावचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधतात ती रीत कुठल्या कुठे मागे जाते.

युरोपातही या विद्येचा एक धागा हाडवैद्यांच्याच घरातून आला आहे. ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) याचे घराणे वेल्समधल्या हाडवैद्यांचे. बापाने मुलांना रीतसर वैद्यकीय शिक्षण दिले आणि ह्यू लिव्हरपूलमध्ये गोदीतल्या मजुरांवर व गरिबांवर उपचार करू लागला. त्याने मांडीच्या मुळाशी कडे आणि पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळया असलेला 'थॉमस स्प्लिंट' तयार केला. त्याच्या हयातीत त्याची फारशी कदर झाली नाही. पण पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने तो आघाडीवर वापरायला लावला आणि मांडीचे हाड मोडून मरणाऱ्या सैनिकांची संख्या पुष्कळ घटली. आजही अपघात विभागात हा स्प्लिंट दिसतो. अशिक्षित घराण्यातली विद्या शिक्षणाचा हात लागल्यावर कुठवर जाते, याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

तीन ठिकाणचा दाब

आता हे साधन काम कसे करते ते पाहू. हातात ऊस घेऊन गुडघ्यावर मोडताना आपण काय करतो? दोन टोके दोन हातांनी आपल्याकडे ओढतो आणि मधोमध गुडघा उलट दिशेने लावतो. तीन ठिकाणी जोर लागतो. दोन एका दिशेने, मधला उलट दिशेने. ऑर्थोसिसही याच तीन बिंदूंच्या दाबावर चालते. फरक एवढाच की, आपण सरळ ऊस वाकवतो आणि ऑर्थोसिस वाकडा सांधा सरळ धरते. गुडघा पुढे दुमडत असेल, तर गुडघ्यासमोरची वाटी त्याला मागे रेटते आणि मांडीमागचा व पोटरीमागचा पट्टा पुढे रेटतो.

दुसरा नियम क्षेत्रफळाचा. तेवढाच जोर टाचणीच्या टोकावर दिला तर रुततो, तळहातावर पसरला तर जाणवतही नाही. म्हणून पट्टे रुंद आणि शरीराच्या आकाराचे असावे लागतात. तिसरा नियम सांध्याचा. लोखंडी गुडघ्याची खीळ आणि हाडामांसाचा गुडघा एकाच रेषेत हवा. खीळ वर-खाली झाली, तर बसताना साधन एका जागी दुमडते, पाय दुसऱ्या जागी, आणि पट्टा कातडीवर घासत राहतो.

चौथी गोष्ट नसांची. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला एक बारीक हाड बोटाला लागते. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस अगदी कातडीलगत जाते. पाऊल वर उचलण्याचे काम तिचे. पट्टा नेमका तिथे आवळला, तर ती नस दबून पाऊल लुळे पडू शकते. ज्या दुखण्यावर उपाय करायचा, तेच दुखणे चुकीच्या मापाने नव्याने जडते! म्हणून हे साधन चपलेसारखे अंदाजाने उचलून घालायचे नसते.

आत्याचा पाय

माझ्या आत्याचा जन्म १९७९ चा. दोन वर्षांची असताना ताप आला, सुई दिली, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय लोंबत होता, असे आजी सांगते. "सुईनं पाय गेला" असे त्या काळच्या कितीतरी घरांत म्हणतात. खरे कारण पोलिओचा विषाणू. तो मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. मात्र अंगात हा विषाणू असताना स्नायूत सुई टोचली, तर त्या अवयवाला लकवा होण्याची शक्यता वाढते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. म्हणजे आजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पोलिओत पायाची ताकद जाते, पण स्पर्श जात नाही. ओरखडा उठला तरी कळतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.

मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडला की उभे राहताना गुडघा अचानक दुमडतो आणि माणूस कोसळतो. मग तो आपोआप एक युक्ती शोधतो. प्रत्येक पावलाला त्या बाजूचा हात मांडीवर दाबून गुडघा मागे रेटायचा. वर सांगितलेला मधला दाब तो आपल्याच हाताने देतो. पाठीत वाकून, मांडीवर हात देत चालणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली असतील. पाय चालतो, पण एक हात कायमचा खर्ची पडतो. त्या हाताने पाण्याची कळशी धरता येत नाही, मूल कडेवर घेता येत नाही, पावसात छत्री आणि पिशवी एकदम सांभाळता येत नाही.

अकरा वर्षांची असताना आत्याला पहिले कॅलिपर मिळाले. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला चामड्याचा पट्टा, गुडघ्यावर चामड्याची वाटी आणि खाली जाड बूट. दोन वर्षांत तिची उंची वाढली, कॅलिपर तेवढेच राहिले. वाढत्या वयात साधन पुन:पुन्हा बदलावे लागते, हे आजोबांना कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी जाण्या-येण्याचा खर्च झेपला नसता. ते कॅलिपर माळ्यावर गेले. पुढे तीस वर्षे आत्या मांडीवर हात देऊन चालली. त्याच अवस्थेत एका पायाने शिलाई मशीन चालवून तिने आपले पोट भरले आणि माझ्या पहिल्या वर्षाची फीही तिनेच भरली.

मध्यंतरी एका शिबिरात तिला दुसरे कॅलिपर मिळाले. मांडवात रांगेने बसवून वाटप झाले, हार-तुरे झाले, फोटो निघाले. ते तयार मापाचे होते. खीळ गुडघ्याच्या तीन बोटे खाली येत होती. आठ दिवसांत मांडीला फोड आले. लोक म्हणाले, "फुकट मिळालेलं वापरत न्हाई, नखरे करती." फोड कोणाचे, बोलणार कोण!

नंतर तिला एक नवाच त्रास सुरू झाला. चाळिशी ओलांडल्यावर चांगला पायही थकू लागला. डॉक्टरांनी सांगितले की, पोलिओ झालेल्यांत कित्येक वर्षांनी असा नवा अशक्तपणा येऊ शकतो, कारण उरलेल्या पेशींनी जन्मभर दुप्पट काम केलेले असते. त्याला 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम' म्हणतात. तेव्हा ती चिठ्ठी मिळाली आणि मी तिच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी गेले.

साधन कसे बनते

तिथे मी जे पाहिले ते शिंप्याच्या आणि मूर्तिकाराच्या कामासारखे होते. तंत्रज्ञाने आधी पायाच्या खुणा निळ्या पेन्सिलीने आखल्या. हाडाचे उंचवटे कुठे, दाब कुठे चालेल, कुठे चालणार नाही. मग ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून पायाचा साचा घेतला. तो वाळल्यावर कापून काढला आणि त्यात प्लॅस्टर ओतून पायाची हुबेहूब प्रतिकृती केली. खरी कला पुढे आहे. जिथे दाब सहन होतो तिथे प्रतिकृती थोडी खरवडायची आणि हाडाच्या उंचवट्यावर प्लॅस्टरचा थर चढवायचा, म्हणजे तिथे साधनात पोकळी राहते. मग पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा तक्ता भट्टीत मऊ करून प्रतिकृतीवर पसरायचा आणि आतली हवा खेचून तो घट्ट बसवायचा. थंड झाल्यावर कडा कापून गुळगुळीत करायच्या, बाजूला धातूच्या पट्ट्या व गुडघ्याची कडी जोडायची.

गुडघ्याची ही कडी मोठी मजेदार वस्तू आहे. उभे राहिल्यावर ती घसरून खाली बसते आणि गुडघा कुलूपबंद होतो. बसायचे असेल तेव्हा बोटाने वर उचलायची, की गुडघा मोकळा. आत्याला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या फेरीत खीळ तपासली, तिसऱ्या फेरीत घोट्याजवळची कडा पुन्हा घासली. शिंपीण असल्याने तिने तंत्रज्ञाला स्वतःच सांगितले, "इथं दोन सूत सोडा, भाऊ." त्याने सोडलेही. ज्याच्या अंगावर साधन चढायचे त्याचे ऐकले, तर ते नीट बसते, हे मला तिथे पटले.

आज आत्या मांडीवर हात न देता चालते. गेल्या महिन्यात आठवडी बाजारातून दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन ती आली. तिची चाल अजूनही ताठ आहे, जिना चढताना वेळ लागतो, आणि कॅलिपर तिच्या लेखी 'उन्हाळ्यातला शत्रू' आहे. पण तिचा डावा हात आता तिचा स्वतःचा आहे.

पायापुरतेच नव्हे

ऑर्थोसिस म्हणजे केवळ पोलिओचे कॅलिपर नव्हे. पक्षाघातानंतर पुष्कळ वेळा पाऊल वर उचलले जात नाही, बोटे जमिनीला अडतात आणि माणूस ठेचकाळतो. अशा वेळी बुटात मावणारा हलका ए. एफ. ओ. पाऊल काटकोनात धरून ठेवतो. मेंदूच्या लकव्याने ताठर झालेल्या मुलांच्या टाचा वर ओढल्या जाऊन स्नायू आखडू नयेत, म्हणूनही तो वापरतात. हाताची बोटे आवळली जाऊ नयेत म्हणून मनगटाचे स्प्लिंट असते.

कुष्ठरोग आणि मधुमेह यांची गोष्ट उलटी. पोलिओत स्पर्श राहतो आणि बळ जाते. इथे स्पर्शच आधी जातो. खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम वाढत जाते. तमिळनाडूत वेल्लोर येथे काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांची बोटे 'झडत' नाहीत. वेदना न कळल्याने वारंवार होणाऱ्या इजांमुळे ती नष्ट होतात. म्हणून अशा पायांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेल्या चपला आल्या. तळव्यावरचा भार पसरवणारी ही साधी चप्पल दिसायला औषधासारखी नाही, पण पाय कापण्याचा प्रसंग ती टाळू शकते.

पाठीचा कणा वाढत्या वयात बाजूला वाकतो, त्यासाठीही पट्टा असतो. तो खरोखर उपयोगी पडतो का, यावर बरीच वर्षे वाद होता. २०१३ मध्ये अमेरिका व कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही. नुसते लक्ष ठेवलेल्या मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. आणि जितके जास्त तास पट्टा घातला, तितका फायदा अधिक. साधन चांगले असून भागत नाही. ते अंगावर असावे लागते.

बाळाचे वाकडे पाऊल

हीच गोष्ट सर्वांत ठळकपणे दिसते ती जन्मतः आत वळलेल्या पावलांच्या बाबतीत. हजारी सुमारे एका बाळाला हे व्यंग असते. पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया करीत. स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी (१९१४–२००९) यांनी वेगळी वाट काढली. जन्मानंतर लवकरच पाऊल हळुवार हाताने वळवून प्लॅस्टर घालायचे. दर आठवड्याला ते बदलून थोडे अधिक वळवायचे. साधारण पाच ते सात प्लॅस्टरांत पाऊल सरळ होते. बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर लहानशा छेदाने मोकळी करावी लागते आणि शेवटचे प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात.

इथपर्यंत आई-बाप नेटाने येतात. खरी परीक्षा पुढे आहे. प्लॅस्टर निघाले की बाळाला दोन बुटांना दांडीने जोडलेले साधन घालतात. वाकडे असलेले पाऊल त्यात साठ-सत्तर अंश बाहेरच्या बाजूला वळवलेले असते. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास, आणि पुढे मूल चार वर्षांचे होईपर्यंत रात्री व झोपेच्या वेळी ते घालायचे. पाऊल तर सरळ दिसते आहे, मग पोराला हा जाच कशाला, असे घरातल्या मोठ्यांना वाटते. मूल रडते. शेजारीण म्हणते, "काय बाई, बेड्याच घातल्या की लेकराला!" आई कंटाळते, बूट कोनाड्यात जातात, आणि काही महिन्यांत पाऊल पुन्हा आत वळू लागते. पाऊल परत वाकडे होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असल्याचे डॉक्टर सांगतात. तेव्हा वाचकहो, आपल्या नात्यात, गल्लीत असे बाळ असेल तर त्या आईला एवढे अवश्य सांगा की, प्लॅस्टरने पाऊल सरळ होते, पण बुटाने ते सरळ राहते. केंद्र सरकारने २०१३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणा करावी.

साधन कोपऱ्यात का पडते?

आत्याच्या निमित्ताने मी कॅलिपर असूनही न वापरणाऱ्या तीन-चार जणांशी बोलले. कारणे ऐकून वाटले की, यांतले एकही कारण 'नखरा' नव्हे. साधन जड असते. उन्हाळ्यात घामाने कातडी सोलते. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारी माणसे. कडी लावलेला गुडघा तिथे अडतो. घरात, देवळात बूट चालत नाहीत, आणि बूट काढला की साधनच निकामी होते. एक खिळा तुटला तर दुरुस्तीला जिल्ह्याला जावे लागते आणि एक रोजगार बुडतो. जयपूर फूट इतका यशस्वी का झाला, याचे उत्तरही इथेच आहे. तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाकडे पाहून घडवला होता.

वापरणाऱ्यांनी काही पथ्ये मात्र पाळावीत. साधनाच्या आत सुती मोजा घालावा. पहिल्या दिवशी तास-दीड तासच घालून वेळ हळूहळू वाढवावा. साधन काढल्यावर कातडी पाहावी. लाल झालेली जागा अर्ध्या तासात पूर्ववत झाली नाही, तर तिथे दाब जास्त आहे असे समजून तंत्रज्ञाकडे जावे. बधिर पाय असणाऱ्यांनी तर रोज आरसा धरून तळवा पाहावा. घरी कानशीने कडा घासण्याचा प्रयोग करू नये.

सोयी आहेत, वाट दाखवणारा हवा

मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात सैनिकांसाठी १९४४ साली सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. कानपूरची 'अलिम्को' ही सरकारी कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली आणि ती साधने बनवते. गरजूंना ही साधने मोफत वा सवलतीत मिळावीत यासाठी १९८१ पासून 'एडिप' नावाची केंद्रीय योजना आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यामुळे या क्षेत्रातल्या शिक्षणाला आणि नोंदणीला शिस्त आली. ऑर्थोसिस बनवण्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आहे. विज्ञान शाखेतल्या आपल्या भावा-बहिणींनी डॉक्टर-इंजिनिअर यांच्या पलीकडे तिकडेही पाहावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत.

भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त घोषित केला. ही अभिमानाची गोष्ट होय. पण रोग गेला म्हणजे रोग झालेली माणसे गेली असे नव्हे. आत्याच्या वयाची अशी माणसे गावोगाव आहेत. शिवाय रस्त्यावरचे अपघात, पक्षाघात आणि मधुमेह यांमुळे आधार-साधनांची गरज पडणारी माणसे घरोघरी आहेत.

योजना कागदावर असते आणि कागद इंग्रजीत असतो. नेमकी इथे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांची गरज आहे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात जाते. रस्ता झाडणे, वृक्षारोपण हे चांगलेच आहे. त्याबरोबर एक दिवस घरोघर जाऊन, कोणाच्या माळ्यावर न बसणारे कॅलिपर पडले आहे, कोणत्या बाळाचे बूट कोनाड्यात आहेत, कोणाला प्रमाणपत्राचा अर्ज भरता येत नाही, एवढी यादी केली तर? यादीतल्या प्रत्येकासोबत आपल्यापैकी एकाने जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, आणि एकाच फेरीवर न थांबता माप नीट बसेपर्यंत जायचे. त्याला फार पैसा लागणार नाही. एस. टी. चे भाडे, चिठ्ठी वाचता येणे आणि रांगेत उभे राहण्याची तयारी एवढे पुरेल. यंदाच्या शिबिराच्या यादीत हा एक दिवस धरावा, अशी मी आपल्या सर्वांना विनंती करते.